कर्णपटल-दुरुस्तीचा इतिहास : कूर्चारोपणाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
बाह्यकर्ण व मध्यकर्ण यांना विभागणारा कर्णपटल सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. कान वारंवार वाहिल्याने किंवा आघाताने त्यास छिद्र पडल्यास श्रवणशक्ती मंदावते व मध्यकर्ण जंतुसंसर्गास खुला होतो. हे छिद्र कशाने बुजवावे, या प्रश्नाच्या उत्तरांत वैद्यकीय विचारातील एक स्थित्यंतर दिसून येते.

कृत्रिम पडद्याकडून सजीव ऊतीकडे :
इ. स. १६४० मध्ये मार्कस बान्झर याने डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा ताणून बसविलेली नळी कानात घालण्याचा उपाय सांगितला. १८५३ मध्ये लंडनच्या जोसेफ टॉयन्बी यांनी चांदीच्या तारेस जोडलेली रबराची चकती प्रचारात आणली. अशा साधनांनी ऐकू येण्यास साहाय्य होई. छिद्र मात्र तसेच राही. १८७८ मध्ये एमिल बर्थोल्ड यांनी रुग्णाच्याच त्वचेचे रोपण केले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीत वुल्स्टाइन व झोल्नर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या शस्त्रक्रियेस शास्त्रीय बैठक दिली. तथापि रोपित त्वचेत दाह व पुन्हा छिद्र पडण्याचे प्रकार आढळल्याने १९६० च्या सुमारास कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरण, म्हणजेच फॅशिया, पसंतीस उतरले.

कूर्चेचा स्वीकार :
घसा व मध्यकर्ण जोडणारी नलिका नीट कार्य करीत नसल्यास फॅशियाही आत ओढला जातो. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हीरमान, सालेन व यान्सेन यांनी कूर्चेचा अवलंब केला. जाड कूर्चा कंपनास अडथळा आणील, हा आक्षेप स्वाभाविक होता. परंतु कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण विसरणाने होते. त्यामुळे रक्तपुरवठा तुटपुंजा असतानाही ती टिकते. शिवाय ती रुग्णाच्याच कानातून घेता येते. तिच्या पट्ट्या कुंपणासारख्या शेजारी-शेजारी मांडून किंवा ती सुमारे ०.५ मिलिमीटरपर्यंत तासून कंपनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविण्यात आला.

निष्कर्ष :
साध्या छिद्रासाठी फॅशिया आजही वापरला जातो. मोठ्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या छिद्रात कूर्चा अधिक विश्वसनीय ठरते. मात्र ती अपारदर्शक असल्याने तिच्यामागे रोग पुन्हा उद्भवल्यास तो सहज दिसत नाही. सारांश, निसर्गाच्या पातळ पडद्याची केवळ नक्कल करण्याऐवजी रोगग्रस्त कानात काय तग धरील, याचा विचार शस्त्रवैद्यांनी केला, हेच या इतिहासाचे सार होय.