कातळशिल्पांचं वय कसं ठरवायचं?

रत्नागिरीजवळ उक्षीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला मोठा हत्ती पाहिला, की पहिला प्रश्न हाच: 'हे किती जुनं?' सोबतचं कुणीतरी 'दहा हजार वर्षं' सांगून मोकळं होतं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तिथेच थांबा आणि विचारा, हा आकडा आला कुठून?

आधी अडचण समजून घेऊ. कार्बन-१४ पद्धतीला कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं: लाकूड, कोळसा, हाड. कातळशिल्प म्हणजे दगड खोदून काढलेली रेघ, तिच्यात असं काही नसतं. दगडाचं वय काढलं तरी ते कोरण्याचं वय नव्हे. पोर्टो रिकोतल्या काग्वाना इथे टाइनो लोकांनी कोरलेल्या शिळा मैदानांच्या कडेने उभ्या आहेत. तिथे उत्खनन करून काळाचा अंदाज बांधता येतो. आपला सडा मात्र उघडा. माती जेमतेम, आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस तीही धुऊन नेतो.

मग उरतात चित्रं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा, त्याच्या आत इतर कितीतरी प्राणी. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात नाही. शेतीची दृश्यं दिसत नाहीत. यावरून अभ्यासक शिकार करणाऱ्या लोकांचा, मध्याश्मयुगाच्या आसपासचा काळ सुचवतात. तर्क चांगला आहे, पण त्याला वजन किती द्यायचं ते बघा. चित्रात शेती नाही म्हणजे शेती नव्हतीच, असं सिद्ध होत नाही. आपल्या रांगोळीत तरी मिक्सर कुठे असतो?

रेघेत साचलेल्या मातीवर ओएसएल पद्धत वापरता येते. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं, हे ती सांगते. पण माती रेघ कोरल्यानंतर आली. म्हणजे मिळेल ते किमान वय. शिल्प त्याहून जुनं. आणि त्यासाठी तळाची माती जागेवर हवी.

इथे माझी चूक सांगतो. पहिल्याच फेरीत फोटो नीट यावा म्हणून मी एका शिल्पाच्या रेघा खराट्याने साफ केल्या. पुरावाच झाडून टाकला की!

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी गावोगाव हिंडून, गावकऱ्यांना विचारून ही शिल्पं उजेडात आणली. २०२२ साली महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. बाकीची बरीच यादीबाहेर आहेत, आणि जांभ्याच्या चिरेखाणी सड्यावरच चालतात. चिरा निघाला की शिल्प जातं, आणि त्याचं वय काढायची संधीही.

तेव्हा सड्यावर जाल तेव्हा वही, टेप आणि कॅमेरा न्या. गावातल्या जाणत्या माणसाला आधी भेटा. रेघेतल्या मातीला मात्र हात लावू नका.