नूगा म्हणजे अक्रोड आणि स्निकर्स म्हणजे घोडा



वाढदिवसाहून परतलेल्या मुलांच्या पिशवीत हल्ली चॉकलेटची एखादी कांडी निघतेच. ती मधोमध तोडली की आत पांढुरका मऊ थर दिसतो. तो नूगा. शब्द फ्रेंच आहे. लिहिताना त्याच्या शेवटी ‘ट’ असतो, पण फ्रेंच लोक तो उच्चारत नाहीत.

लॅटिनमध्ये ‘नुक्स’ म्हणजे अक्रोडासारखे कवचाचे फळ. त्यावरून दक्षिण फ्रान्सच्या बोलीत अक्रोड घातलेल्या मिठाईला ‘नोगाट’ नाव पडले. पुढे त्याच भागातले मोंतेलिमार गाव या मिठाईसाठी प्रसिद्ध झाले. तिथे अक्रोडाच्या जागी बदाम आले, नाव मात्र अक्रोडाचेच राहिले. तिकडे एक कथाही सांगतात. एक प्रेमळ बाई मुलांना ही मिठाई द्यायची आणि मुले म्हणायची, ‘तू नू गात’, म्हणजे ‘तू आमचे फार लाड करतेस’. कथा गोड आहे, पण शब्द तिच्यातून आलेला नाही.

आता ही मिठाई करतात कशी ते बघा. मध आणि साखरेचा कडक पाक करायचा, तो फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात ओतायचा आणि वरून बदाम घालायचे. तो पांढरेपणा आणि हलकेपणा अंड्याच्या फेसामुळेच येतो. मोंतेलिमारच्या नूगात निदान २५ टक्के मध असावा लागतो. मद्य, मांस, मधु हे तीन मकार आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. त्यातला एक मकार इथे चौथा हिस्सा घेऊन बसला आहे, आणि अंडे वेगळेच!

अमेरिकेत मार्स कुटुंबाने हा नूगा चॉकलेटमध्ये गुंडाळला. १९२३ मध्ये मिल्की वे आली. हे नाव आकाशगंगेचे वाटते, पण ते तेव्हाच्या माल्ट घातलेल्या दुधाच्या पेयावरून ठेवलेले होते. १९३० मध्ये स्निकर्स आली, आणि हे तर त्या कुटुंबाच्या लाडक्या घोड्याचे नाव! इंग्लंडात हीच कांडी १९९० पर्यंत मॅरेथॉन नावाने विकली जात होती. १९३२ च्या थ्री मस्केटिअर्समध्ये सुरुवातीला तीन चवींचे तीन तुकडे असत, म्हणून ते नाव. एकाही नावावरून आत काय आहे ते कळत नाही. आपली शेंगदाणा चिक्की बिचारी सरळ. गूळ आणि दाणे, नावातच अर्धी पाककृती!

आपल्याकडे मिळणाऱ्या स्निकर्सवर हिरवी खूण असते. अंड्याऐवजी दुधातल्या प्रथिनांनीही फेस आणता येतो, त्यामुळे तसा नूगा करणे अवघड नाही. परदेशातून कोणी आणलेली कांडी मात्र तीच समजू नका. बाहेरच्या नूगात अंडे सर्रास असते आणि तिकडच्या वेष्टनावर आपली खूण नसते.

आपल्या देशात २००१ मध्ये ही हिरवी खूण आली आणि आपल्याला मोठा आधार झाला. अंडे असले की हिरवी खूण मिळत नाही, इथवर ठीक. पण मधाचे काय? २०२० च्या लेबलच्या नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दुधाबरोबर मधही वगळला आहे. म्हणजे मध घातलेल्या नूगावर हिरवी खूण अगदी कायदेशीर आहे. सरकारचा शाकाहार आणि श्रावकाचा आहार यात एवढे अंतर आहे, आणि ते आपल्यालाच भरून काढावे लागते.

कॉमर्सवालीला बारीक अक्षरे वाचायची सवय असते, म्हणून सांगते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे मध थोडाच असेल तर ‘हनी’ शब्द अगदी शेवटी सापडतो. परदेशी वेष्टनावर ‘एग व्हाइट’ किंवा ‘अल्ब्युमिन’ दिसले तर ते अंडेच, आणि ‘जिलेटिन’ म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेला पदार्थ. पौष्टिक म्हणून खपणाऱ्या ओट्सच्या आणि सुक्या मेव्याच्या कांड्याही याच नजरेने बघा. त्यांच्यात दाणे चिकटवायला गुळाऐवजी बरेचदा मध असतो.