मैदान की मतपेटी?

इंदूर आणि बडोदे येथील जुन्या घरांतून रणजी करंडकाच्या आठवणी अजून निघतात. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाने बडोद्यास नमवले. पुढच्याच वर्षी बडोद्याने होळकरांचा डावाने पराभव करून परतफेड केली. हार कडू लागली असेल, परंतु विजेता कोण याविषयी किंतु उरला नाही. त्याच काळात अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता मात्र मैदानावर नव्हे, मतमोजणीत ठरत होता.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसण्याचा हा खेळ. विद्यापीठे प्रादेशिक संघटनांत विभागलेली. हंगाम दहा-बारा सामन्यांचा. नववर्षाच्या सुमारास निवडक संघांनी ‘रोझ बोल’सारख्या मानाच्या सामन्यांस जावे, अशी रीत. शंभरावर संघांची परस्परांशी गाठ पडणे अशक्यच. म्हणून १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावू लागली. १९५० पासून प्रशिक्षकांची क्रमवारीही तिच्या जोडीला आली.

या पद्धतीचे मर्म १९६६ साली उघडे पडले. नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट हे दोन्ही अपराजित संघ १९ नोव्हेंबरला समोरासमोर आले. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. अखेरच्या क्षणी नोत्र दामने धोका न पत्करता वेळ काढला. तरीही मतदारांनी अग्रस्थान त्यांनाच दिले. सर्व सामने जिंकलेला अलाबामा तिसरा राहिला! १९९७ मध्ये तर पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला विजेता ठरवले. एका सिंहासनावर दोन राजे.

१९९८ पासून मते आणि संगणकीय गणित यांच्या आधारे दोन संघ निवडून त्यांच्यात निर्णायक सामना होऊ लागला. २००४ मध्ये अपराजित ऑबर्न त्यातूनही वगळले गेले. अखेर २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली आणि चौथ्या क्रमांकाचा ओहायो स्टेट पहिला विजेता ठरला. जुन्या रीतीत त्याला संधीच मिळाली नसती. बाद फेरीच्या पक्षात याहून बोलका पुरावा कोणता?

परंतु २०२३ मध्ये तेराही सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला निवड समितीने बाहेर ठेवले. त्यांचा प्रमुख खेळाडू जायबंदी झाला होता. २०२४ पासून संघ बारा झाले. त्या वर्षी पुन्हा विजयी झालेल्या ओहायो स्टेटला सोळा सामने खेळावे लागले. तरुण शरीरांवरील हा भार विसरता येत नाही. शिवाय हंगामात दोनदा हरूनही अजिंक्यपद मिळत असेल, तर प्रत्येक सामन्याला असलेले जुने मोलही काहीसे उतरते.

म्हणजे बाद फेरीने मतपेटी हटवली नाही. ती केवळ दाराशी नेऊन ठेवली. आत कोणी यावे, हे अजूनही माणसेच ठरवतात. तरीही प्रस्तुत लेखकाचा कौल बाद फेरीलाच आहे. तेराव्या क्रमांकावर अन्याय होणे आणि अपराजित संघाला न खेळताच ‘तुम्ही दुय्यम’ असे सांगणे, या दोहोंत फार अंतर आहे. पहिल्यात हळहळ आहे, दुसऱ्यात अपमान. मैदानावरचा पराभव माणूस कालांतराने पचवतो. न खेळलेल्या सामन्यातला पराभव पिढ्यान्‌पिढ्या सलत राहतो.