खासगी प्राथमिक शाळा : महाराष्ट्र शासनाचे धोरण

खासगी संस्थांनी शाळा चालवाव्यात आणि सरकारने अनुदान द्यावे, ही पद्धत 1854 च्या वूडच्या खलित्यापासून रूढ झाली. महाराष्ट्रातील अनुदानित शाळा याच परंपरेतल्या. त्यांच्या शिक्षकांचे पगार शासन देते. पुढे तिजोरीवरचा भार टाळण्यासाठी ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानग्या दिल्या गेल्या. 2009 मध्ये ‘कायम’ ही अट काढून पात्र शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचे ठरले, पण ते मिळवण्यासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांची वाट मोकळी केली.

खरा वाद मात्र शिक्षण हक्क कायद्यावरून (2009) झाला. त्याच्या कलम 12(1)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना मोफत द्यायच्या आणि शासनाने खर्चाची प्रतिपूर्ती करायची. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक शाळांना मात्र ती लागू नाही. प्रतिपूर्ती थकते, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार, आणि ती निराधार नाही.

थकबाकी फेडण्याऐवजी शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये नियमच बदलले : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला सूट. मूळ कायद्यात अशा सवलतीला जागाच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो रद्द केला.