तबकडी, सुई आणि हुबळीचा सूर

हुबळी-धारवाडच्या जुन्या घरांतून माळ्यावरच्या पेटीत अजूनही काळ्या तबकड्या सापडतात. घरात कोंकणी, पेठेत कानडी आणि नाटकगृहात मराठी अशी त्रिवेणी जेथे नांदली, तेथे नाट्यपदे, भजने आणि ख्याल एकाच पेटीत शेजारी शेजारी असावेत यात नवल नाही. त्या तबकड्या पुन्हा वाजवाव्यात अशी इच्छा होणे स्वाभाविक होय. परंतु कोणत्या यंत्रावर, कोणत्या सुईने आणि किती खर्चात, या प्रश्नांची उत्तरे या यंत्राच्या इतिहासातच दडलेली आहेत.

१९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मुद्रित झाले आणि हिंदी संगीत तबकडीवर आले. ती तबकडी लाखेची. मिनिटाला ७८ फेरे घेणारी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. यंत्र चावीचे, सुई पोलादाची, आणि ती दर बाजूला बदलावी असा दंडक असे. लाखेत खनिजाची कठीण भुकटी मिसळलेली असल्यामुळे सुईचे टोक झिजून खाचेच्या आकाराचे होई. सुईने झिजावे आणि तबकडीने टिकावे, अशी ती योजना होती. अनेक घरांत काटकसर म्हणून एकच सुई आठवडाभर वापरली गेली, आणि तबकड्या करड्या पडल्या त्या याच बचतीमुळे.

या यंत्राचे आपल्या प्रांतावर मोठे ऋण आहे. १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाई हनगल लहानपणी धारवाडात ग्रामोफोनचा सूर कानी पडताच ऐकण्यासाठी रस्त्यावर धाव घेत. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून बालवयातील भीमसेन जोशी गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही कथा तर सर्वश्रुतच आहे. गुरुगृहाची पायरी चढण्यापूर्वीच त्यांच्या कानांवर संस्कार झाला तो तबकडीचा.

पुढे गंगूबाईंच्याच ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९३०च्या दशकातील त्या पहिल्या तबकड्यांवर नाव आहे ‘गांधारी हुबळी’. जी. एन. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीतेही गायिली. त्या तबकड्यांतील आवाज उंच आणि नाजूक आहे. घशावरील शस्त्रक्रियेनंतर तो पालटला, आणि कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे घेतलेली तालीम पुढे ज्या खर्जाच्या, भारदस्त कंठातून प्रकट झाली तोच आवाज आज सर्वांच्या स्मरणात आहे. त्यामुळे जुनी तबकडी ऐकणाऱ्यास शंका येते, की यंत्र वेगाने तर फिरत नाही? ती रास्तही असू शकते. ७८च्या ऐवजी ८० फेरे झाले, तर सूर जवळजवळ अर्ध्या श्रुत्यंतराइतका नव्हे, तर अर्ध्या अर्धस्वराइतका चढतो. यंत्र बिनचूक असेल तरच तो कोवळा कंठ खरा, असे खात्रीने म्हणता येते.

१९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी तबकडी निघाली. ती व्हिनाइलची, बारीक खाचेची, आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वाजणारी. तिच्यामुळेच मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्या गवयाचा ख्याल घाईविना घरात ऐकावयास मिळू लागला. परंतु खाच बदलली तशी सुईही बदलली. लाखेच्या तबकडीस सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. दीर्घवादी तबकडीस २५ मायक्रॉनच्या आसपासचे. बारीक सुई जुन्या रुंद खाचेच्या तळाशी घासत खरखरते. जाड सुई व्हिनाइलचे वाटोळे करते.

म्हणून ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनी खर्चाचा क्रम चुकवू नये. पहिला खर्च सुईचा. नीलमण्याचे टोक लवकर झिजते, हिऱ्याचे कितीतरी पट टिकते. आणि दोन प्रकारच्या तबकड्यांस दोन सुया हव्यातच. दुसरे काम बिनखर्चाचे: यंत्र डळमळत्या फळीवर न ठेवता समपातळीत ठेवावे, आणि सुईचा भार निर्मात्याने सांगितल्याइतकाच राखावा. तिसरे वेगाचे. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर ७७ रेघांचे कागदी चक्र फिरत्या तबकडीवर ठेवून जुन्या निऑन दिव्याच्या उजेडात पाहावे. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७८ जुळला. चौथे स्वच्छतेचे. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावू नये, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच पुसून, वाळवून उभी ठेवावी. धारवाडच्या पावसाळ्यात बुरशीचे भय असते, म्हणून जुनी ओलसर पाकिटे टाकून द्यावीत. एवढे झाल्यावर पैसे उरले, तरच ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांचा विचार करावा. मोठा स्पीकर झिजल्या सुईची खरखरच मोठी करतो.

देवळातील जुनी समई घासताना आपण तिच्या धातूचा विचार करतो, कारण ती मागल्यांनी दिली आहे आणि पुढल्यांस द्यावयाची आहे. तबकडीचेही तसेच आहे. चुकीच्या सुईने वाजवलेली प्रत्येक फेरी सुराचा एक कण खरवडून नेते, आणि गेलेला कण परत येत नाही. १९९२ साली मन्सूर गेले, २००९ साली हुबळीत गंगूबाई गेल्या. त्यांचे तरुण कंठ आता या खाचांतच राहिले आहेत. माळ्यावरची पेटी उतरविण्यापूर्वी सुई तपासावी, एवढीच विनंती.