जग बुडताना जात बुडते का?

‘मरणापुढे सगळे सारखे’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा फिरत होते. ‘२०२४ वायआर४’ नावाचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली, अशी बातमी आली. तो ज्या पट्ट्यात पडू शकला असता त्यात दक्षिण आशियाही येत होता, त्यामुळे आपल्याकडे मुंबईचे नाव घेऊन बरेच दळण दळून झाले. काही दिवसांत नवी निरीक्षणे आली, शक्यता जवळपास शून्यावर उतरली आणि विषय मिटला.

त्या दिवसांत आपल्याच एका ग्रुपवर एका हुशार पोराने लिहिले होते, ‘पडू दे एकदाचा. जग बुडेल, सोबत जातही बुडेल.’ खाली हसण्याच्या खुणांची रांग. गंमत असेल, पण गमतीमागचा विचार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. मोठे संकट सगळ्यांना एका पातळीवर आणते, ही समजूत तपासायला इतिहासात एक चांगले प्रकरण आहे. १९१० चा हॅलेचा धूमकेतू.

त्या वर्षी धूमकेतू दोन आले. हॅलेच्या आधी जानेवारीत दुसराच एक झळझळीत धूमकेतू उगवला, आणि तो आधी दिसला दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या खाण कामगारांना, १२ जानेवारीच्या पहाटे. वेधशाळेची दुर्बीण त्याच्याकडे नंतर वळली. त्याला कोणा शोधकाचे नाव मिळाले नाही, ‘जानेवारीचा मोठा धूमकेतू’ एवढीच त्याची ओळख. ज्यांचे डोळे पहाटे पाळीवर जाताना आकाशाकडे जात होते, त्यांना शोधक म्हणायची पद्धत नव्हती.

हॅलेच्या धूमकेतूची गोष्ट वेगळी. एडमंड हॅलेने १७०५ मध्येच गणित करून सांगितले होते की १५३१, १६०७ आणि १६८२ ला दिसलेला धूमकेतू एकच आहे आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. तो आला. म्हणजे १९१० साली तो कधी येणार, कुठून जाणार, पृथ्वीपासून किती लांब राहणार, हे सगळे आधी ठाऊक होते. तो सव्वादोन कोटी किलोमीटर लांबून जाणार होता. आदळण्याचा प्रश्नच नव्हता. भीती होती शेपटीची, कारण १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती.

ही भीती आली कुठून, ते नीट बघा. खेड्यातल्या देवऋषीकडून ती आली नाही. धूमकेतूच्या प्रकाशाच्या अभ्यासात वेधशाळांना सायनोजेन या विषारी वायूच्या खुणा सापडल्या. फेब्रुवारी १९१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली की प्रसिद्ध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामील फ्लॅमारिऑन यांच्या मते हा वायू वातावरणात मिसळून पृथ्वीवरचे सगळे जीवन संपवू शकतो. बहुतेक शास्त्रज्ञांना हे मान्य नाही, हेही त्याच बातमीत होते. पण अशी दुसरी ओळ कोण वाचतो? धूमकेतूची शेपटी इतकी विरळ असते की प्रयोगशाळेत तेव्हा बनवता येणारी निर्वात पोकळीही तिच्यापेक्षा दाट ठरावी. शास्त्रज्ञ हे सांगत राहिले, आणि भीती मात्र शिकलेल्यांच्या वर्तमानपत्रातून, शिकलेल्यांच्या भाषेत पसरत राहिली.

मग बाजार लागला. धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकल्या गेल्या, विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे विकले गेले. शिकागोसारख्या शहरात लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी आणि कुलपाची भोके कागद-चिंध्यांनी बुजवली. आणि त्याच रात्री न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलांच्या गच्च्यांवर पैसेवाल्यांच्या ‘धूमकेतू पार्ट्या’ रंगल्या. एकच रात्र, एकच धूमकेतू. कोणी गच्चीवर ग्लास घेऊन उभा होता, तर कोणी मजुरीतले पैसे मोडून गोळ्या घेत होता.

यातले तिसरे पात्र आपल्या कामाचे. अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्या दिवसांत दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय मजुरांच्या बातम्या चवीने छापल्या: शेतावर कामाला जात नाहीत, रात्र रात्र चर्चमध्ये प्रार्थना करतात, घाबरून रडतात. परदेशातून आलेल्या खाण कामगारांबद्दलही असेच. लिहिण्याचा सूर असा की बघा, ही माणसे किती अडाणी. भीती निर्माण केली वर्तमानपत्राने, आणि घाबरण्याचा कलंक लावला शेतमजुराला. ओक्लाहोमात एका पंथाने धूमकेतूला शांत करायला एका मुलीचा बळी द्यायचा प्रयत्न केला, अशीही बातमी देशभर छापली गेली. ती बनावट निघाली.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला ‘अंधश्रद्धा आणि निरक्षरता’ असा जोड शब्द सवयीने शिकवला गेला. १९१० चे प्रकरण त्या जोडीला तडा देते. रविवारीही मालकाच्या शेतात राबावे लागणारा माणूस जग संपणार म्हणून एक दिवस कामाला जात नसेल, तर त्याला भीतीच म्हणायचे का, हाही प्रश्न आहे. मला तरी त्यात थोडी सुट्टी दिसते.

१९ मेची सकाळ झाली. कोणी मेले नाही. हवेत काही मिसळले नाही. पण त्यानंतर ४६ दिवसांनी, ४ जुलै १९१० ला, मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनने गोऱ्या जिम जेफ्रीसला हरवले. काळ्या माणसाने जगज्जेतेपद राखले, एवढ्या कारणावरून अमेरिकेच्या अनेक शहरांत गोऱ्यांच्या झुंडी काळ्या वस्त्यांवर आणि माणसांवर तुटून पडल्या. त्यात जीव गेले. धूमकेतूच्या शेपटीने एकही माणूस मारला नव्हता.

हे सगळे पाहणारा एक माणूस त्याच उन्हाळ्यात अटलांटा विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून न्यूयॉर्कला आला: डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी नुकत्याच स्थापन झालेल्या एनएएसीपी संघटनेचे काम त्यांनी हाती घेतले आणि नोव्हेंबर १९१० मध्ये ‘द क्रायसिस’ हे मासिक सुरू केले. दहा वर्षांनी, १९२० साली, त्यांच्या ‘डार्कवॉटर’ या पुस्तकात ‘द कॉमेट’ नावाची कथा आली. आपल्या तरुणांनी ती शोधून वाचावी. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ही त्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला निघाले. समुद्राच्या दोन टोकांना एकाच वर्षी ज्यांना बोलू दिले जात नव्हते ते बोलू लागले होते.

कथेत १९१० ची भीती खरी ठरते. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्कमध्ये माणसे जागच्या जागी मरून पडतात. वाचतो जिम, एका बँकेतला कृष्णवर्णीय निरोप्या. तो का वाचतो? कारण त्याला त्या वेळी जुने कागद आणायला खालच्या, ओल्या, अंधाऱ्या तळघरात पाठवलेले असते. तिथे उतरणे धोक्याचे, म्हणून ज्याच्या जिवाची किंमत कमी त्याला पाठवायचे. त्याला बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळेच तो जगतो. दुसरी वाचते एक श्रीमंत गोरी तरुणी. दोघे रिकाम्या शहरात जिवंत माणूस शोधत फिरतात, आणि काही तासांत त्यांच्यातली रंगाची भिंत विरघळत जाते. ती त्याच्याकडे माणूस म्हणून पाहते, तोही मान वर करतो. आणि मग गाडीचा आवाज येतो. मेले असते फक्त न्यूयॉर्क. बाहेरचे जग शाबूत असते. मुलीचा बाप आणि तिचा होणारा नवरा येऊन पोचतात, आणि त्या क्षणी जिम पुन्हा ‘काळा’ होतो. जमलेल्या गर्दीत त्याला फासावर लटकवण्याची भाषा सुरू होते. सगळे शहर मेलेले आहे, तरी पहिली चौकशी हीच की या काळ्याने मुलीला काही केले तर नाही?

ग्रुपवरच्या त्या पोराला माझे उत्तर ड्यू बॉइस यांच्या या कथेत आहे. भिंत पडते ती उरलेली माणसे दोनच असतात तोवर. मागे समाज उरला, की तो आपली उतरंड घेऊनच मदतीला येतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, निग्रोंच्या प्रश्नाचा आपण अभ्यासक आहोत असे सांगितले, आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या त्यांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. या दोघांना एकमेकांचा प्रश्न समजावून सांगावा लागला नव्हता.

आता आपल्या आकाशाकडे येऊ. आपल्याकडे तर आकाशालाच जात लावलेली आहे. धूमकेतू या शब्दातला केतू कोण? पुराणातली कथा सगळ्यांना माहीत आहे. समुद्रमंथनात निघालेले अमृत देवांना वाटले जात असताना एक असुर देवांच्या पंगतीत जाऊन बसला, म्हणून त्याचे मुंडके उडवले. मुंडके ते राहू, धड ते केतू. पंगतीत बसला, हा त्याचा गुन्हा! आपल्या वाचकाला ही कथा वेगळी समजावून सांगायची गरज नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त केतूंवर आख्खा अध्याय आहे. कोणता धूमकेतू उगवला की कोणत्या देशाचा राजा मरणार, याची त्यात जंत्री आहे.

आणि जमिनीवर काय होते? राहू-केतू हे मांग-महारांच्या जातीचे, असा समज महाराष्ट्रात होता. ग्रहण लागले की आपली माणसे ‘दे दान सुटे गिराण’ असे ओरडत गावभर फिरायची आणि लोक जुनी वस्त्रे, धान्य त्यांच्या पदरात टाकायचे. चंद्राला गिळणारा तुमचा भाऊबंद, तुम्हाला दिले की तो सोडेल, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे आकाशातल्या सावलीचा दोषही आपल्याच माथी, आणि त्याची भरपाई म्हणून भीक. काही लोक याला आज ‘लोकसंस्कृती’ म्हणून हळवे होतात. ज्यांच्या आज्याने पदर पसरला त्यांना तसे हळवे होता येत नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगावी मेलेली ढोरे ओढणे आणि भाकर मागणे बंद करण्याची जी चळवळ उभी राहिली, तिचा अर्थ या ओरडण्याच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे.

ग्रहांची भीती घालून पैसा कसा काढला जातो, हे महात्मा फुल्यांनी १८५५ सालीच ‘तृतीय रत्न’ नाटकात दाखवले. जोशी येतो, गरोदर कुणबी बाईला पोटातल्या मुलावर ग्रहपीडा असल्याचे सांगतो, आणि नवरा कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले, यात आश्चर्य ते काय. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ला अष्टग्रही आली. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि आठवा आपला केतू, सगळे मकर राशीत. जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ पेटले, मणामणाने तूप आगीत गेले. धर्मांतराला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करून घेणार नाही, ही आपली प्रतिज्ञा किती व्यवहारी आहे, ते अशा वेळी कळते. ती आपले घर गहाण पडण्यापासून वाचवते.

भीतीच्या बाजाराबद्दल एवढे पुरे. पण खरेच काही कोसळले तर?

त्याचे उत्तर आपल्या देशात मिळालेले आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तमिळनाडूच्या नागपट्टिनम भागातल्या दलितांचे त्यानंतर काय झाले, ते ह्यूमन राइट्स वॉच आणि दलित मानवाधिकार संघटनांनी नोंदवले आहे. निवारा छावण्यांमध्ये त्यांना वेगळे काढले गेले, पाण्याच्या टाक्यांवरून हटकले गेले. बोटी आणि जाळी गेलेल्यांची नुकसानभरपाई मोजली गेली. किनाऱ्यावर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाचे गेले काय, तर कागदावर काहीच नाही. आणि कुजलेली प्रेते उचलायला आजूबाजूच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले. ते बहुतेक दलित होते, आणि अनेकांच्या हातात हातमोजेसुद्धा नव्हते. जिमला तळघरात पाठवतात ते असे.

२६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याच्या फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी केला. आकाशातला दगड वळवण्याची विद्या माणसाला येऊ लागली आहे, याचा आनंद आपणही मानू. आपल्या पोरांनी त्या विद्येत जावे, वेधशाळेत बसावे, हेही हवे.

तोवर एक काम हाताशी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्तीचा आराखडा करायला लावला आहे, आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. येत्या पावसाळ्याच्या आधी प्रत्येक शाखेने आपल्या जिल्ह्याचा आराखडा माहिती अधिकारात मागवावा. त्यात बघावे की निवाऱ्यासाठी कोणती शाळा किंवा मंदिर ठरवले आहे, आपल्या वस्तीतून तिथे जायची वाट कोणाच्या आळीतून जाते, पाण्याची टाकी कोणाच्या दारात आहे, आणि पूर ओसरल्यावर गाळ आणि प्रेते काढायच्या यादीत कोणाची नावे आहेत.