दौऱ्यावर गेलेला माणूस आणि एका शहराचा नकाशा

शासकीय सेवेत 'दौरा' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. फिरतीचा कार्यक्रम मंजूर होतो, मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळते, परत आल्यावर दैनंदिनी लिहिली जाते आणि प्रवासभत्त्याचे देयक सादर होते. प्रवास कोणत्या वर्गाने केला, अंतर किती झाले, मुक्काम कोठे होता, या साऱ्यांसाठी रकाने असतात. दौऱ्यावर गेलेला माणूस परत आलाच नाही तर त्याच्या कामाचे काय, असे विचारणारा रकाना मात्र मी कोठे पाहिला नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे वजन किती असते, हे चंदीगडच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

फाळणीने लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. कारभार सिमल्यातून चालू लागला. नव्या राजधानीचा आराखडा करण्याचे काम अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांच्याकडे देण्यात आले. इमारतींची वास्तुरचना पाहण्यासाठी त्यांनी मॅथ्यू नोव्हिकी या तरुण वास्तुविशारदाला सोबत घेतले. नोव्हिकी मूळचे पोलंडचे. युद्धानंतर अमेरिकेत येऊन ते रॅले येथील महाविद्यालयात वास्तुकला विभागाचे प्रमुख झाले होते. १९५० च्या उन्हाळ्यात ते भारतात आले. पुढेही येथे राहून तेच बांधकामावर देखरेख करतील, अशी अपेक्षा होती.

ते परत निघाले ते टीडब्ल्यूए कंपनीच्या विमानाने. मुंबईहून कैरो, रोम असे टप्पे घेत न्यूयॉर्कला जाणारे हे विमान ३१ ऑगस्ट १९५० च्या रात्री कैरोहून उडाले. थोड्याच वेळात तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनात बिघाड होऊन आग लागली आणि विमान इजिप्तच्या भूमीवर कोसळले. विमानातील ५५ पैकी कोणीही वाचले नाही. नोव्हिकी चाळीस वर्षांचे होते. मागे पत्नी स्तानिस्लावा, ज्या स्वतः वास्तुविशारद होत्या, आणि दोन मुले राहिली. इंजिनातील एका बेअरिंगला तेल पोहोचवणारी वाट गाळाने बुजली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणजे दोष देखभालीचा होता. प्रवाशाने कितीही सावधगिरी बाळगली असती तरी तो त्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

या मृत्यूने चंदीगडचे काम खोळंबले. मेयर यांच्याजवळ आराखडा होता, पण तो इमारतींत उतरवणारा माणूस गेला होता. त्यातच परकीय चलनाची, विशेषतः डॉलरची, टंचाई होती. राजधानी प्रकल्पाचे प्रशासक प्रेमनाथ थापर, आय.सी.एस., आणि मुख्य अभियंता परमेश्वरीलाल वर्मा १९५० च्या अखेरीस नव्या वास्तुविशारदाच्या शोधात युरोपात गेले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे दांपत्य आणि पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याशी त्यांची बोलणी झाली. एका प्रवासात माणूस गमावलेल्या प्रकल्पाचे दोन्ही प्रमुख अधिकारी आता एकाच कामगिरीवर बाहेर होते! सुदैवाने ते सुखरूप परतले.

पुढे झालेला करार मात्र प्रशासकाने लक्ष देऊन वाचावा असा आहे. कॉर्ब्युझिए यांनी वर्षातून दोनदा, सुमारे महिना-महिना, यायचे. आणि त्यांचे चुलतबंधू पियेर जानरे, फ्राय व ड्र्यू यांनी तीन वर्षे जागेवर राहायचे. हा करार जोखीम ओळखून केला गेला असे मी म्हणत नाही. कॉर्ब्युझिए पॅरिस सोडायला तयार नव्हते, हे त्यामागचे साधे कारण. पण परिणाम असा झाला की प्रवास करणारा एक आणि काम जाणणारे तिघे, अशी रचना उभी राहिली. त्यांच्या हाताखाली भारतीय वास्तुविशारदांचा संचही तयार झाला. त्यात ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावे वाचताना मराठी वाचकाची नजर क्षणभर थबकते. ऑगस्ट १९६५ मध्ये कॉर्ब्युझिए फ्रान्समध्ये समुद्रात पोहताना वारले. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने जानरेही परतले. तरीही चंदीगडचे काम थांबले नाही.

१९५० मध्ये मात्र तसे घडले नव्हते. फेब्रुवारी १९५१ मध्ये सिमला रस्त्यावरील एका विश्रामगृहात थोड्याच दिवसांत नवा नकाशा तयार झाला. मेयर यांच्या पंख्यासारख्या पसरलेल्या आराखड्यातील वळणदार रस्ते बहुतांश सरळ झाले. शेजारवस्त्यांची कल्पना, हिरवे पट्टे आणि माथ्यावर शासकीय वास्तूंचे संकुल या गोष्टी टिकल्या. नवे शहर अधिक चांगले झाले की नाही, हा वेगळा वाद आहे. पण शहराचे रूप कोणत्याही समितीच्या निर्णयाने नव्हे, तर एका अपघाताने बदलले, हे खरे.

याच्या शेजारी दुसरी हकिकत ठेवावी. नोव्हिकी यांनी रॅले येथे पशुप्रदर्शनासाठी एका भव्य मंडपाची रचना केली होती. तीही त्यांच्या मृत्यूच्या वेळी अपुरी होती. पण सहकारी वास्तुविशारद विल्यम डीट्रिक यांनी ती १९५२ मध्ये पुरी केली आणि आज ती नोव्हिकी यांचीच कृती म्हणून ओळखली जाते. माणूस तोच, मृत्यूही तोच. फरक एवढाच की तेथे काम दुसऱ्याच्याही हाती होते.

आपल्याकडील उदाहरण डॉ. होमी भाभा यांचे. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी जाताना एअर इंडियाचे 'कांचनगंगा' विमान माँ ब्लां पर्वतावर आदळले आणि ११७ जण मृत्युमुखी पडले. हानी भरून न येणारी होती. तरीही तुर्भ्याचे काम होमी सेठना यांनी सांभाळले, टाटा मूलभूत संशोधन संस्था एम. जी. के. मेनन यांनी, आणि काही महिन्यांत विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. दुसरी फळी भाभांनी स्वतःच घडवली होती.

चंदीगडला मात्र हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. ९ जुलै १९९४ रोजी पंजाबचे राज्यपाल व चंदीगडचे प्रशासक सुरेंद्र नाथ यांचे विमान हिमाचलच्या डोंगरांत कोसळले. त्यांच्यासह कुटुंबीयही दगावले. ३१ मार्च २००५ रोजी हरियाणाचे ओमप्रकाश जिंदल आणि सुरेंद्र सिंह हे दोन मंत्री एकाच हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले.

भरपाईचा विचार आपण फार पूर्वी केला. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्येच झाला होता. पण तो अपघातानंतरचा विचार झाला. दौरा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आधीच तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हा प्रवास आज, या हवेत, या वाहनाने अटळ आहे काय? एकाच कामाचे दोन जाणकार एकाच वाहनात बसत आहेत काय? आणि जाणाऱ्याच्या डोक्यात असलेले काम नस्तीवर आणि एखाद्या सहकाऱ्याच्या माहितीत आहे काय? पहिले दोन प्रश्न माणसाला जपतात, तिसरा त्याच्या कामाला. तिसऱ्याला हात घातला की आपण गेल्यानंतरची भाषा केल्यासारखे वाटते, म्हणून आपण तो टाळतो.

चंदीगडमध्ये राहणारे मराठी वाचक रोज सेक्टरांच्या सरळ रस्त्यांवरून जात असतील. त्यांपैकी काही रस्ते कधी काळी कागदावर वळणदार होते. ते वळण ज्याने पुढे जपले असते, तो दौरा आटोपून परत निघाला होता. एवढे त्यांनी कधी तरी आठवावे.